दुष्काळाचे मानकरी

मराठवाड्यातल्या प्रत्येक मित्रमंडळात एक तरी बप्पा असतात. कुणाला गावच्या पैलवानाचा अभिमान असतो, कुणाला आमदाराचा. बप्पांना असतो दुष्काळाचा. पालीचे बप्पा तर या जातीचे अस्सल वाण. बिंदुसरा धरण भरून सांडव्यावरून पाणी पडायला लागलं, की निम्मं बीड फोटो काढायला पालीत येतं. बप्पा मात्र बाजूला उभे राहून सांगतात, ‘‘एवढ्यानं काय व्हतंय? एप्रिलात या, मग कळंल.’’

बहात्तरच्या दुष्काळात ते जेमतेम तीन वर्षांचे होते. तरी तेव्हाच्या सुकडीची चव ते अशी सांगतात, की रोजगार हमीच्या कामावर खडी फोडून आलेला म्हातारासुद्धा गप्प बसावा.

मित्रांनी जानेवारीत जैसलमेरच्या डेझर्ट नॅशनल पार्कचा बेत केला, तेव्हा बप्पा हौसेनं नव्हे, तपासणीला निघाले. क्रूझरच्या टपावर पाण्याचे दोन जार दोरीनं आवळून बांधले. झाकणाला प्लास्टिक, त्यावर रबर, आणि दर टोलनाक्यावर उतरून पातळी बघायची. हजारावर किलोमीटरच्या प्रवासात ड्रायव्हरनं डिझेलचा काटा जितका पाहिला नसेल, तितके बप्पांनी जार पाहिले.

पार्क 3,162 चौरस किलोमीटरचं. पण सिनेमात दिसतात तशा वाळूच्या टेकड्या त्यातल्या जेमतेम पाचव्या हिश्श्यात; बाकी सगळा खडक, सेवण गवत आणि खुरटी झुडपं. बप्पांना हर्षच झाला. ‘‘हे तर आपलं पाटोद्याचं माळरान! याला तिकीट कशाला?’’ गाइडनं खेजडीचं झाड दाखवलं. ‘‘ही तर शमी,’’ म्हणून तेही निकालात निघालं.

सुदासरीला माळढोकाची वाट बघत सगळे दुर्बिणी लावून बसले. पंधरा किलोपर्यंत भरणारा हा पक्षी, पण मादी बहुधा वर्षाला एकच अंडं घालते. त्यात विजेच्या तारांना धडकून पक्षी मरतात आणि माळरानं घटत चालली आहेत. सोलापूरजवळच्या नान्नजला 1979 मध्ये त्याच्यासाठी अभयारण्य झालं, पण तिथं आता तो दिसणं मुश्कील. गाइड हे गंभीरपणे सांगत होता. बप्पांचं निदान तयार होतं, ‘‘सोलापूरचेच असणार हे. पाणी आटलं, निघाले. आमच्याकडं दिवाळी झाली, की गावंच्या गावं ऊसतोडीला जात्यात.’’

सम गावाजवळच्या तंबूत मुक्काम होता. एका रात्रीचं भाडं ऐकून बप्पा उभ्या उभ्या बसले. ‘‘आमच्याकडची माणसं कारखान्यावर सहा सहा महिने कोपीत काढत्यात. त्यांना कुणी कॅम्पिंग म्हणत नाही.’’

या वाक्यावर कुणालाच हसता आलं नाही.

मग त्यांनी तंबूतल्या न्हाणीघराचा नळ सोडला. पाणी आलं, तेही धो धो. बीडमध्ये नळाला पाणी कितव्या दिवशी आलं, हा रोजच्या बोलण्यातला विषय. इथं वाळवंटात नळ सोडला की पाणी! चौकशीअंती कळलं, की पंजाबातल्या हरिके बंधाऱ्यातून निघालेला इंदिरा गांधी कालवा साडेसहाशे किलोमीटरांवरून पाणी आणतो. बप्पा हळहळले, ‘‘आन् कृष्णेचं पाणी आष्टीला येणार, हे ऐकता ऐकता आपले केस पिकले.’’

वाळवंटात थंडी असते, हे मात्र त्यांना मान्यच नव्हतं. सोबत उपरण्याशिवाय पांघरूण नव्हतं. मध्यरात्री तीन मित्रांच्या तीन गोधड्या त्यांच्या अंगावर सापडल्या.

खरा प्रसंग गुदरला दुसऱ्या दिवशी, एका खडीनवर. खडकाळ उतारावरून वाहून येणारं पाणी खालच्या सखल शेतात मातीचा लांबलचक बांध घालून अडवायचं, जमिनीत मुरू द्यायचं, आणि जादा झालेलं सांडव्यावाटे काढून त्या ओलीवर रब्बी पेरायची. समोर गहू आणि हरभरा हिरवागार उभा होता. बप्पांनी पाऊस विचारला. वर्षाला दीडशे-दोनशे मिलिमीटर! बीडची सरासरी याच्या तिप्पट तरी आहे. बप्पा शेतात उकिडवे बसले, ढेकूळ हातात घेऊन चुरडलं, ओल बघितली आणि चक्क गप्प झाले. मित्रांना वाटलं, ऊन लागलं.

‘‘हे केलं कुणी?’’ बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं.

‘‘पालीवाल ब्राह्मणांनी, पंधराव्या शतकात,’’ गाइड म्हणाला. ‘‘मूळचे पालीचे.’’

ती मारवाडातली पाली, हे त्याचं पुढचं वाक्य बप्पांच्या कानापर्यंत पोहोचलंच नाही. त्यांचा चेहरा उजळला, पाठ ताठ झाली. त्या संध्याकाळी शेकोटीभोवती बसलेल्या गुजराती पर्यटकांना ते हिंदीत समजावत होते, ‘‘ये खडीन है ना, अपने गाव के लोगोंने सिखाया इनको. बीड के पास है, बिंदुसरा के किनारे. कभी आओ. लेकिन एप्रिल में आओ.’’