आधी भाषण, मग घोट

जॉर्जियातल्या काखेती प्रांतात वाइन प्यायला जाणाऱ्याकडे वाइन पचवायची ताकद नसली तरी चालेल, भाषणं पचवायची मात्र हवी. हे कुठल्याही माहितीपत्रकात छापलेलं नसतं.

तिबिलिसीहून सिग्नागी साधारण 110 किलोमीटर. खाली अलाझानी नदीचं खोरं, पलीकडे कॉकेशसच्या रांगा. गावातलं लग्न नोंदणी कार्यालय चोवीस तास उघडं असतं. सौ. म्हणाली, "घटस्फोटाचं किती वाजता उघडतं, तेही विचारून ठेवा." आम्ही लगेच पुढे निघालो.

बरोबर मेहुणे होते. नाशिकच्या एका वायनरीत टेस्टिंग केल्यापासून ते पाणीसुद्धा पेल्यात गोल फिरवून, हुंगून पितात. काखेतीची सापेरावी ही रेड वाइन आपल्या पसंतीला उतरते का, हे बघायला ते आले होते.

दिवस द्राक्षतोडणीचे होते. द्राक्षबागेत आमच्या यजमानांनी वेलीवरचं एक सापेरावी द्राक्ष माझ्या चिमटीत दिलं. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रंग सालीतच असतो, गर फिकट. याचा गरही लाल. दाबलं मात्र, मतदान करून आल्यासारखं बोट रंगलं. साबणाने हात टेकले.

मग त्यांनी मरानी, म्हणजे वाइनची खोली दाखवली. जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले मातीचे रांजण, त्यांना म्हणायचं क्वेव्री. आतून मधमाश्यांच्या मेणाचा हात दिलेला. ठेचलेली द्राक्षं सालीबियांसकट त्यातच आंबतात. या पद्धतीला युनेस्कोने 2013 साली वारसा म्हणून मान्यता दिली. "आमच्याकडे स्टीलच्या टाक्या असतात," मेहुणे म्हणाले. तिबिलिसीच्या दक्षिणेला सापडलेल्या खापरांवर सुमारे 8000 वर्षांपूर्वीच्या वाइनचे अंश मिळाले आहेत, असं यजमानांनी शांतपणे सांगितलं. मोठा रांजण धुवायला माणूस आत उतरतो, हे ऐकून मेहुणे वाकून बघू लागले. यजमानांनी त्यांच्या पोटाकडे पाहिलं आणि झाकण लावून टाकलं.

जेवायला बसलो. अक्रोडाचं वाटण भरलेली वांगी, मडक्यातला राजमा, चीज भरलेली खाचापुरी. शाकाहारी माणसाची इथे मुळीच उपासमार नाही. सापेरावी जगमधून भसाभस ओतली गेली. मेहुण्यांनी पेला फिरवला, हुंगला, ओठांशी नेला आणि सगळं टेबल त्यांच्याकडे बघू लागलं. तमादाचं भाषण व्हायचं होतं!

तमादा म्हणजे पंगतीचा अध्यक्ष. तो बोलल्याशिवाय घोट घ्यायचा नाही. तो शांततेसाठी बोलला, मातृभूमीसाठी बोलला, दिवंगतांसाठी बोलला, मुलाबाळांसाठी बोलला. रशियाने 2006 मध्ये जॉर्जियन वाइनवर बंदी घातली, त्यामुळे वाइन सुधारली, म्हणून त्या बंदीसाठीही बोलला. खाचापुरी गार झाली. मग तो मेहुण्यांकडे वळून म्हणाला, "अलावेर्दी!" म्हणजे आता पुढचं तुम्ही बोला.

मेहुणे गेली कित्येक वर्षं हाउसिंग सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. ते उठले, घसा खाकरला आणि "अध्यक्ष महाशय, व्यासपीठावरील मान्यवर" इथपासून अस्सल मराठीत सुरू झाले. शेजारधर्म झाला, द्राक्षबागायतदारांचे प्रश्न झाले, ओघात पाण्याच्या टाकीची गळतीही येऊन गेली. आमच्या ड्रायव्हरने भाषांतर केलं, "ते खूश आहेत." टाळ्या पडल्या. बक्षीस म्हणून त्यांच्या हातात वाइनने भरलेलं शिंग आलं. शिंग टेबलावर उभं राहत नाही, त्यामुळे ते रिकामं करूनच खाली ठेवावं लागतं. फिरवायला आणि हुंगायला त्यांना फुरसतच मिळाली नाही.

सापेरावी दाट, आंबटसर, किंचित तुरट, जेवणासोबत फक्कड. दात मात्र निळेजांभळे होतात, फोटो आधीच काढून घ्या. सत्कार समारंभांत मुरलेल्या मराठी माणसाला याहून सोयीची वाइन जगात नाही. जाणार असाल तर पासपोर्टबरोबर चार वाक्यांचं भाषणही तयार ठेवा. फक्त शेवटी आभार मानायला उठू नका. तेही भाषणच धरतात आणि पेले पुन्हा भरतात.