सूत जुळेना

आमच्या घराची वाटणी तोंडी झाली. ट्रॅक्टर माझ्याकडे आला, त्याच्या पुढचा लोडर सामाईक राहिला, लोडरची बकेट चुलतभावाकडे, म्हणजे अण्णाकडे गेली आणि शेणखत उचलायचा काटा माझ्या वाट्याला आला. म्हशीचं दूध एकाला आणि शेपूट दुसऱ्याला द्यावं तशातली गत. पण पंचांनी ती इतक्या गंभीर चेहऱ्यानं जाहीर केली की कुणाला हसायचं धाडस झालं नाही. पुढं बांधावरून बिनसलं. अण्णानं बांध हातभर माझ्याकडे सरकवला, असं माझं म्हणणं. बांध जागेवरच आहे, शेत सरकलंय, असं त्याचं. त्या दिवसापासून अण्णा मला 'अहो' म्हणायला लागला. आमच्या वाळवा तालुक्यात थोरल्या भावानं धाकट्याला 'अहो' म्हणणं, ही वकिलाच्या नोटिशीच्या अलीकडची पायरी.

लोडरला मात्र भावकी कळत नाही. बकेट काढून काटा लावायचा तर माणसं दोनच लागतात. लोडरच्या दोन हातांच्या टोकांना दोन पिना आणि बकेट उताणी-पालथी करणाऱ्या सिलिंडरांना दोन, अशा चार. एकानं सीटवर बसून लिव्हर धरायचा, दुसऱ्यानं पुढं वाकून भोकाला डोळा लावायचा. तीन पिना जातात. चौथी जात नाही. चौथीसाठी पहार घालून बकेट हलवावी, तर गेलेली तिसरी अशी आवळून बसते की तिला काढायला घण लागतो. हे सगळं ग्रीसनं माखलेल्या हातांनी, उन्हात, आणि बोलणं बंद असलेल्या भावाबरोबर.

"घ्या पुढं."

"घेतलं."

"जरा वर घ्या. वर म्हंटलं. आरं वर! थांब! थांब की गाढवा!"

पहिल्या दोन पिनांपर्यंत 'अहो' टिकायचं, तिसरीला 'आरं' यायचं आणि चौथीला आजोबांचा उद्धार व्हायचा. आजोबा दोघांचे एकच असल्यामुळे ती शिवी फार लांब जात नसे.

एका उन्हाळ्यात खत भरायच्या दिवशी मी घड्याळ लावून बघितलं. बकेट काढून काटा बसवायला पन्नास मिनिटं. खत उचलायला चाळीस. त्याच रात्री ठरवलं, क्विक अटॅच करायचं. लोडरच्या हातांना एक चौकट कायमची पिनांनी जोडून टाकायची आणि बकेट काय, काटा काय, प्रत्येकाच्या पाठीला एकसारखी प्लेट मारायची. प्लेटीला वरच्या बाजूला ओठ. ट्रॅक्टर पुढं न्यायचा, चौकट वाकवून त्या ओठाखाली घालायची, मग मागं कलती करायची की काटा आपल्याच वजनानं चौकटीवर रेलतो. खाली दोन पाचरीसारख्या पिना. लिव्हर दाबला की त्या प्लेटीच्या भोकांत उतरतात. घण नको, पहार नको, अण्णा नको.

ही अक्कल काही माझी नव्हे. अमेरिकेतल्या मिनेसोटात सिरिल आणि लुई केलर या भावांनी 1957 साली एका टर्की पाळणाऱ्या शेतकऱ्यासाठी छोटा लोडर बनवला, खुराड्याच्या खांबांमधून वळेल असा. त्याचीच पुढं बॉबकॅट झाली आणि 1970 मध्ये त्या बॉबकॅटला ही झटपट जोडणी आली. दोन भाऊ मिळून एक यंत्र करतात, हे वाचून मला पहिल्यांदा खोटंच वाटलं.

ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूला हा प्रश्न कधीच सुटलाय. हॅरी फर्ग्युसननं तीन टेकूंची जोडणी काढली, ती 1939 मध्ये फोर्डच्या ट्रॅक्टरवर आली, आणि आज रोटाव्हेटर कुठूनही आणा, तो त्याच्या जोडीच्या कुठल्याही ट्रॅक्टरला लागतो. मागच्या बाजूला जगाचं एकमत आहे. पुढच्या बाजूला जगात मापं ठरलेली आहेत. आमच्याकडं मात्र प्रत्येक वर्कशॉपवाल्यानं आपल्या मनाला येईल तिथं भोक पाडलेलं. आणि गंमत बघा, त्या फर्ग्युसननं हेन्री फोर्डशी केलेला 1938 चा करारही तोंडीच होता. नुसता हात मिळवला. म्हाताऱ्या फोर्डच्या नातवानं तो मोडला, कोर्ट झालं आणि 1952 मध्ये साडेब्याण्णव लाख डॉलरवर मिटलं. आमच्या पंचांना हे सांगायला पाहिजे होतं.

अडचण एकच होती. बकेट अण्णाची. तिच्या पाठीला प्लेट जोडायची तर त्याची परवानगी हवी. मी मध्यस्थामार्फत निरोप धाडला. उत्तर आलं, "त्यांना म्हणावं, लावा. पण उद्या बकेट तुमची झाली असं म्हणायचं नाही." मी तसं लिहून दिलं. बकेटीचा सातबारा तेवढा राहिला.

मग मिस्त्रीकडे गेलो. आमचे मिस्त्री उत्तम वेल्डर. फक्त काळाचं आणि त्यांचं जमत नाही. "दोन दिवसांत देतो" हे ते हनुमान जयंतीला म्हणाले. पहिल्यांदा पुठ्ठ्याचा नमुना करू, हा शहाणपणा माझा. घरात जाड पुठ्ठा म्हणजे फ्रीजच्या खोक्याचा. त्यावर मी मिलीमीटरमध्ये मापं टाकली. मिस्त्री सुतात बोलतात. इंचाची आठ सुतं.

"एक सूत म्हणजे किती हो तुमचं?" त्यांनी विचारलं.

"तीन मिलीमीटर," मी बेधडक सांगितलं.

चुकलो फार नव्हतो, एका सुतामागं केसभर. पण प्लेटीची रुंदी होती चाळीस इंच, म्हणजे तीनशेवीस सुतं. माझ्या हिशेबानं ती झाली 960 मिलीमीटर; खरी 1016. छप्पन्न मिलीमीटर कमी! पुठ्ठा लोडरच्या हातांमध्ये धरला तर लहान पोराला थोरल्याचा सदरा घालावा, त्याच्या बरोबर उलटं झालं. पुठ्ठा होता म्हणून निभावलं. बारा एमएमची प्लेट कापली असती, तर भंगारवाल्याची चांदी होती. मिस्त्री काही बोलले नाहीत. फक्त खिशातली घडीची पट्टी काढून माझ्या हातात दिली आणि माझी टेप आपल्या टेबलाच्या खणात ठेवली. ती अजून तिथंच आहे.

पुढचं काम खरं तर नीट चाललं होतं. गॅस कटरनं प्लेटी कापल्या, ग्राइंडरनं कडा साफ केल्या, नमुन्याप्रमाणं टाके मारले. वेल्डिंगची एक खोड असते. ते गार होताना आक्रसतं आणि लोखंडाला आपल्याकडे ओढून घेतं. म्हणून शहाणा माणूस थोडं या बाजूला, थोडं त्या बाजूला असं करत जातो. मिस्त्रींना हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. पण त्या दिवशी चारला लाइट जाणार होती. उजवी बाजू त्यांनी एका दमात मारून काढली. सकाळी बघितलं तर उजवं भोक जागचं हललेलं. किती? बरोबर एक सूत.

"एवढं चालतंय," मिस्त्री म्हणाले. या दोन शब्दांवर आपला निम्मा देश उभा आहे.

पहिली चाचणी वटपौर्णिमेच्या दिवशी. ओठात चौकट गेली, काटा मागं रेलला, मी एकट्यानं, सीटवरून न उतरता तो उचलला. बायका वडाला फेऱ्या घालायच्या सोडून बघायला लागल्या. मी ऐटीत उकिरड्यावर नेऊन काटा पालथा केला आणि तो अख्खाच्या अख्खा उकिरड्यात गेला. पिना उतरल्यात का, हे मी बघितलंच नव्हतं. मागं कलता असेपर्यंत काटा ओठावर निमूट बसतो. पुढं वाकवला की त्याला कुणाची ओळख राहत नाही. त्यानंतर मी पिनांची टोकं भगवी रंगवली, सीटवरून दिसावीत म्हणून, आणि उचलायच्या आधी टोक जमिनीला दाबून बघायची शिस्त लावून घेतली. दुसरं लक्षात आलं ते वजनाचं. चौकटीमुळं काटा सहा इंच पुढं गेला, वर चौकटीचं स्वतःचं ओझं. ओलं खत भरून उचललं तर ट्रॅक्टर मागून हलका, मागची चाकं नुसती टेकलेली. आता मागं रोटाव्हेटर लावल्याशिवाय पुढचं काम करत नाही. म्हणजे पुढच्या पिना वाचवायला मागच्या पिना लावाव्या लागतात. हा हिशेब मी घरात सांगितलेला नाही.

एवढं सगळं होऊन आज डावी पिन झटकन उतरते. उजवी निम्मी उतरते आणि थांबते. त्या एका सुतापायी. तिला वरून घणाचा एक ठोका लागतो, आणि तो लिव्हर दाबून धरलेला असतानाच. म्हणजे माणसं दोनच.

मी अण्णाला बोलावलं नाही. ट्रॅक्टर सुरू झाला की तो आपणहून घण घेऊन गोठ्याच्या भिंतीला येऊन उभा राहतो. पूर्वी पन्नास मिनिटं लागत, आता चार. चार मिनिटांत 'अहो'ला वेळच मिळत नाही.

"घे. घे. थांब!" ठण्ण. "बसली बघ."

मग तो भिंतीला घण टेकवतो, काट्याकडं बघत तंबाखू मळतो, आणि यंदा उसाची लागण आडसाली करणार का पूर्वहंगामी, असलं काहीतरी विचारतो. बांधाचं काढत नाही. मीही काढत नाही.

गेल्या महिन्यात मिस्त्रींचा फोन आला. ते उजवं भोक अजून डोक्यात आहे म्हणाले, ट्रॅक्टर घेऊन या, अर्ध्या तासात रुंद करून देतो, पैसे नकोत. मी म्हटलं, येतो की, पण आज तुमच्याकडं लाइट नसेल.

"लाइट आहे की," मिस्त्री म्हणाले. मागं त्यांचा ग्राइंडर ऐकू येत होता.

"नसेल हो," म्हटलं आणि फोन ठेवला.