हीलरराव

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या खेळात नवा माणूस शिरला की त्याच्यापुढे तेरा वर्ग मांडले जातात. योद्धा, शिकारी, जादूगार, अंधारातून येऊन पाठीत खंजीर खुपसणारा ठग, असे एकाहून एक. बहुतेकांचा हात आपसूक तलवारीकडे जातो. एखादाच गृहस्थ सगळी यादी शेवटपर्यंत वाचतो आणि इतरांना बरं करणाऱ्या पुरोहितावर बोट ठेवतो. का हो, असं विचारलं तर म्हणतो, "कुणीतरी करायला हवंच ना!" हे म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर पंगतीत सगळ्यांचं वाढून झाल्यावर शेवटी पाटावर बसणाऱ्या यजमानाची तृप्ती असते.

यांना आपण हीलरराव म्हणू. आडनावाची गरज नाही. तंजावरकडच्या मराठी घरांत नावापुढे राव लागला की भागतं. त्यांचं घरही तिकडेच धरू, कुंभकोणमपासून दहाएक किलोमीटरवरच्या नाचियार्कोविलात. पितळी समयांसाठी हे गाव प्रसिद्ध आहे. पूर्वज कधीतरी तंजावरच्या व्यंकोजीराजांच्या मागोमाग तिकडे गेले, 1855 मध्ये राज्य खालसा झालं, मंडळी तिथेच राहिली. राव दिवसा चेन्नईच्या एका कंपनीचं काम घरून करतात. रात्री पुरोहित होतात.

खेळातली कामाची वाटणी अशी. पाच जणांच्या टोळीत एक टँक, एक हीलर आणि तीन डीपीएस, म्हणजे निव्वळ मारणारे. टँकने राक्षसाला अंगावर घ्यायचं, तिघांनी त्याला बडवायचं आणि हीलरने या चौघांना जिवंत ठेवायचं. 1999 च्या एव्हरक्वेस्टने ही पद्धत रुळवली आणि 2004 मध्ये आलेल्या वॉरक्राफ्टने ती घरोघरी नेली. मारायला सगळेच तयार, त्यामुळे मारणाऱ्यांना टोळी मिळेपर्यंत ताटकळावं लागतं आणि हीलर मात्र बटण दाबताच आत. 2011 पासून तर ज्या भूमिकेचा तुटवडा असेल ती घेणाऱ्याला बक्षिसाची थैली मिळू लागली. राव थैलीचा विषय कधी काढत नाहीत. मात्र कुठल्या थैलीतून काय निघालं होतं, ते त्यांना तोंडपाठ असतं.

रावांचा खेळ जवळून पाहण्यासारखा असतो. पडदाभर ड्रॅगन पसरलेला असतो, आग ओकत असतो, छत कोसळत असतं. रावांची नजर कोपऱ्यातल्या, टोळीचा जीव दाखवणाऱ्या पाच हिरव्या पट्ट्यांवर खिळलेली. पट्टी घटली की बोट हलतं, भरली की थांबतं. लढाई जिंकल्यावर कुणी विचारलं, "ड्रॅगन काय जबरदस्त होता ना?" तर राव म्हणतात, "डावीकडून तिसरा फार लाल होत होता." तिसरा म्हणजे चेन्नईतला कॉलेजमित्र. बाण मारण्याच्या नादात तो नेहमी आगीत उभा राहतो.

टँक आहे पुण्याचा आतेभाऊ. थांबणं हा प्रकार त्याला ठाऊक नाही. पुरोहिताची शक्ती, म्हणजे माना, संपली की त्याला जमिनीवर बसून पाणी प्यावं लागतं, आणि राव बसेपर्यंत आतेभाऊ पुढच्या दालनात सात राक्षस उठवून मोकळा झालेला असतो. "अरे थांब! पाणी पितोय!" राव मायक्रोफोनमध्ये ओरडतात. आतल्या खोलीतून आजी विचारते, "पाणी प्यायला एवढं ओरडायला कशाला लागतं रे?"

आगीत उभं राहणाऱ्यांसाठी 2010 मध्ये पुरोहिताला एक नवी विद्या मिळाली. नाव श्रद्धेची झेप. झेप घेणारा मात्र दुसराच असतो. राव बटण दाबतात आणि तो मनुष्य जिथे असेल तिथून उचलला जाऊन रावांच्या पायाशी येऊन पडतो. चेन्नईकराला हे मुळीच आवडत नाही. एकदा त्याने चिडून रावांना "कंपाउंडर" म्हटलं. पुढच्याच लढाईत त्याची पट्टी पिवळी झाली, मग लाल झाली आणि लालच राहिली. "माना संपला होता रे," राव हळहळले. खरं तर तेव्हा माना अर्ध्याहून जास्त होता.

इथे रावांची खरी ओळख पटते. ते कुणाला मारत नाहीत. कुणाला वाचवायचं तेवढं ठरवतात. तलवारवाल्यांना वाटतं टोळी आपण चालवतो. रावांनी हे त्यांना कधी नाकारलेलं नाही.

या परंपरेचा इतिहास रावांना पाठ आहे. 2005 मध्ये गाजलेली लीरॉय जेंकिन्सची चित्रफीत त्यांना कुणी हसून दाखवली तर ते हसत नाहीत. सगळे जण बसून योजना आखत असताना लीरॉय एकटाच स्वतःच्या नावाची आरोळी ठोकत आत धावतो आणि पूर्ण टोळी मरते, एवढंच जगाला माहीत. रावांचं म्हणणं, ती योजना कशासाठी चालली होती ते नीट ऐका. लीरॉयला उपचार जास्त चांगले करता यावेत म्हणून त्याला पुरोहिती खांदेकवच मिळवून द्यायचं होतं! "सगळे हीलरसाठीच जमले होते," राव सांगतात, "आणि हीलरच पळाला."

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात हक्कार नावाच्या राक्षसाचा रक्तदोष त्याच्या ठाण्यातून निसटला आणि पाळीव प्राण्यांबरोबर शहरांत पोचला. खेळातल्या शहरांत सांगाड्यांचा खच पडला. तेव्हा काही हीलर आपणहून रस्त्यावर उतरले. पुढे 2007 मध्ये एरिक लोफग्रेन आणि नीना फेफरमन या संशोधकांनी 'द लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस'मध्ये या साथीवर लेख लिहिला. त्यात हीलरांच्या परोपकाराची दखल आहे. त्यांच्या उपचारांमुळे बाधित लोक जास्त वेळ जगले आणि रोग पसरवत राहिले असावेत, अशी शंकाही आहे. राव लेखाचा पहिला भाग सांगतात.

गावातलं उदाहरणही त्यांच्या सोयीचं आहे. इथल्या विष्णुमंदिरात मान वंजुळवल्ली देवीचा, म्हणून गावाचं नावही तिचंच. पण गर्दी ओढतो तो दगडी गरुड. मार्गळी आणि पंगुनी महिन्यांतल्या उत्सवांत त्याला बाहेर काढतात. गाभाऱ्यातून निघताना त्याला चार जण उचलतात. मग आठ लागतात, सोळा, बत्तीस, चौसष्ट. जसजसा बाहेर येतो तसतसा तो जड होतो, असं मानतात, आणि परततानाही माणसं तशीच कमी होत जातात. हंसावरची देवी पुढे आणि गरुड मागे, असा क्रम. "वाहन म्हणजे सपोर्टच," राव आतेभावाला समजावतात. "पण गावाला विचार, लोक कुणाला बघायला येतात?"

"आणि ते चौसष्ट जण?" आतेभावाने विचारलं. राव तेव्हा पाणी पीत होते.

आकड्यांशी त्यांचं जमत नसे. लढाईनंतर कुणी किती मारलं, कुणी किती बरं केलं याचा तक्ता निघतो. आधीच भरलेल्या पट्टीवर ओतलेला, वाया गेलेला उपचारही त्यात वेगळा दिसतो. "सेवेचं मोजमाप करायचं नसतं," असं म्हणून राव तो तक्ता बंद करत.

जुलै 2023 मध्ये खेळात इव्होकर वर्गाची नवी शाखा आली, ऑगमेंटेशन. दुसऱ्यांचा मारा वाढवणं हेच तिचं मुख्य काम. सोबत अशी सोय झाली की मित्राच्या माऱ्यातला आपल्या मदतीचा वाटा नोंदींमधून वेगळा काढून आपल्या नावावर दाखवता यावा. राव दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी पुरोहित पेटीत गेला.

आता तक्ता राव स्वतः उघडतात, तोही आधी. चेन्नईकराच्या एकूण माऱ्यात आपले किती, हे त्याला आकडा लाल रंगात रंगवून पाठवतात. काल रात्री आतेभावाच्या नावावरचा बराच मोठा तुकडा त्यांनी स्वतःच्या खात्यात ओढला आणि त्याचं चित्र टोळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, "बघा."

ऑगमेंटेशनवाला टोळीत मारणाऱ्यांत धरला जातो. त्यामुळे आत शिरायला आता रावही ताटकळतात. चित्राखाली बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. मग पुण्याहून आतेभावाचा निरोप आला : "सगळं ठीक आहे रे, पण हील कोण करतंय?"