पाचशेचा लंगोट!

ऐकलंत का? आपल्या गंगापूर रोडवर लंगोट पाचशे रुपयांना झालाय. एक हो, डझन नव्हे! आमच्या वरच्या मजल्यावरच्या सूनबाईंनी असे चोवीस मागवले. बारा हजार! एवढ्यात आमच्या वेळी जेवणावळीसकट बारसं उरकलं असतं. बरं, गुपचूप वाळत घालावेत की नाही? छे! गॅलरीत, रस्त्याच्या बाजूला, ओळीने कोल्हे, हत्ती आणि कलिंगडाच्या फोडी. बाळंतिणीची दोरी मागीलदारी असायची, तिचे आता फोटो निघतात.

लंगोट विकत आणतात, हेच मुळी आम्हाला ठाऊक नव्हतं. आजोबांचं धोतर विरलं की टराटरा फाडायचं. कोऱ्या कापडाची खळ बाळाच्या मांडीला काचते, म्हणून जुनेरच हवं. ते चार घरी मागायलाही कुणी लाजत नसे. आताही मागतात म्हणे, फक्त नाव ‘प्री-लव्ड’. म्हणजे दुसऱ्याच्या लेकराने वर्षभर भिजवलेले लंगोट, निम्म्या किमतीत, कुरियरने घरपोच! मी कानांवर हात ठेवले. पण पुढचं ऐकायचं होतं, म्हणून लगेच काढलेही.

तर नवा लंगोट घेतला की आधी चार-पाचदा धुवायचा. त्याशिवाय त्यातली सुती पट्टी पाणीच पीत नाही. म्हणजे पाचशे मोजून कोरं घ्यायचं आणि घरी बसून त्याचं जुनेर करायचं!

खोटं कशाला बोलू, मी बाळाच्या भिजलेल्या लंगोटात बोट घालून पाहिलं. पट्टी ओलीचिंब होती, पण बाळाच्या अंगाला लागणारं वरचं अस्तर जवळपास कोरडं. ते ओल खाली सोडतं, स्वतःत धरत नाही. बाहेरून प्लास्टिकचा पातळ थर, त्यामुळे दुपटं वाचतं. ही युक्ती काही आजची नाही. मॅरियन डोनोव्हन नावाच्या अमेरिकन आईने १९४० च्या दशकात न्हाणीघराचा पडदा कापून लंगोटावरचं कव्हर शिवलं होतं. पुढे १९६१ मध्ये पॅम्पर्स आलं आणि लोक धुणंच विसरले. आता त्या फेकण्याच्या डायपरचं बोचकं कागदात गुंडाळून, वेगळं करून घंटागाडीत द्यायचं. नियमच आहे तसा. सूनबाईंना त्याचाच कंटाळा आला होता.

पण श्रावण कुणाला चुकलाय? आठ दिवस झड लागली आणि एकही पट्टी वाळेना. त्यांच्या आजेसासूबाईंनी पदर खोचला. शेगडीत निखारे, त्यावर चिमूटभर ओवा, वर पालथी टोपली आणि टोपलीवर लंगोट. धोतराच्या तुकड्यांची तीन पिढ्या अशीच धुरी झाली होती. कलिंगडवाल्याचा मात्र प्लास्टिकचा थर पापडासारखा आकसला. पाचशे रुपये धुरात! घरात दोन दिवस अबोला.

शेवटी तोडगा निघाला. आमच्याकडे माणसं दोनच आणि हॉलचा पंखा मोठा. गेला आठवडाभर आमच्या सोफ्यावर, खुर्च्यांवर, यांच्या वाचनाच्या दिव्यावरसुद्धा पट्ट्याच पट्ट्या पसरल्यात. परवा खालच्या मजल्यावरच्या काकू साखर मागायला आल्या. दारातूनच त्यांनी आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि साखर न घेताच लगबगीने खाली उतरल्या.