बाटलीत रॉकेल ओतणाऱ्यास खुले पत्र

रस्त्याकाठच्या टपरीवर पाण्याच्या बाटल्यांतून पेट्रोल विकणाऱ्या गृहस्था,

तुझं नाव या पत्रात लिहीत नाही, गावाचंही नाही. वाशीम जिल्ह्यात बाटलीतलं पेट्रोल विकणारे पुष्कळ आहेत आणि त्यांतले कितीतरी जण सचोटीने विकतात. तुझ्यामुळे त्यांच्या पोटावर पाय यायला नको. तू वाचशील तेव्हा पत्र कोणाला आहे ते तुला कळेलच. तुझ्या बाटलीने आमच्या चेतक स्कूटरच्या इंजिनाचं काय केलं, ते हेड खोलल्यावर दिसलं. तेच तुला सांगायचं आहे, कारण विकणाऱ्याला ते कधी पाहावं लागत नाही. तुझ्यापुरता व्यवहार नोट गल्ल्यात पडली की संपतो.

सुरुवात पिकअपपासून झाली. तिसऱ्या गिअरवर सहज चढणारा रस्ता दुसरा मागू लागला. मग चढावर, मागे माणूस बसलेला असताना, मूठ पूर्ण पिळली की इंजिनातून टकटक असा कोरडा, धातूचा आवाज येऊ लागला. मूठ सोडली की आवाज बंद. सकाळी गाडी आडवी कलवून, चोक ओढून, किक मारमारूनही लवकर सुरू होईना. पुढे किकच हलकी लागू लागली, पाय सरळ खाली जाऊ लागला. किक हलकी लागते म्हणजे कॉम्प्रेशन गेलं, हे जुनी स्कूटर चालवणाऱ्या कोणालाही सांगावं लागत नाही.

अशा वेळी पहिला आळ कोणावर येतो ते तुला ठाऊक आहे. मिस्त्रीवर. गाडी आताच सर्व्हिसिंग करून आणली होती, म्हणजे त्यानेच काहीतरी बिघडवलं असणार, असं घरात सगळे बोलू लागले. तुझा धंदा या आळावरच चालतो. भेसळीचा परिणाम त्याच दिवशी दिसत नाही, हळूहळू साचतो, आणि दिसतो तेव्हा समोर उभा असतो तो काळ्या हातांचा मिस्त्री.

त्या मिस्त्रीने काय केलं, ते वाच. आवाज क्लचचा असता तर क्लच दाबल्यावर बदलला असता. बदलला नाही. फ्लायव्हीलचा पंखा कुठे घासत असता, तर स्टँडवर नुसत्या आयडलिंगलाही खडखडला असता. तिथे शांत. गजन पिनचं बेअरिंग गेलं असतं, तर बिनओझ्याचीही गाडी वाजली असती. क्रँकचं ऑइल सील गळून हवा ओढली जात असती, तर मूठ सोडल्यावरही इंजिन चढलेलंच राहिलं असतं. तसंही नव्हतं. पॉइंटचा गॅप आणि टायमिंग बरोबर होतं. मग त्याने सायलेन्सर उतरवला. एग्झॉस्टचं तोंड कार्बनने इतकं बुजलेलं की करंगळी कशीबशी जावी. हेड काढलं तर पिस्टनवर काळा, चिकट थर, आणि एक रिंग खाचेत अशी चिकटून बसलेली की सुटता सुटेना. जळलेला धूर बाहेर पडायला वाट नाही आणि आतला दाब धरायला रिंग नाही, मग ताकद येणार कुठून?

कार्बन खरवडून, रिंगा बदलून गाडी सुरू केली, तेव्हा टाकीत तुझंच उरलेलं पेट्रोल होतं. चढावर पुन्हा टकटक. तेव्हा त्याने टाकी रिकामी केली, कार्बोरेटर धुतला आणि पंपावरून नवं पेट्रोल आणून भरलं. तोच चढ, तेच ओझं, तीच मूठ. आवाज गेला. कोर्टातसुद्धा यापेक्षा सरळ पुरावा क्वचितच उभा राहतो.

यावर तू गिऱ्हाइकांना काय सांगतोस, तेही कानावर आलं आहे. ‘आता सरकारचंच पेट्रोल तसं आहे, इथेनॉलवालं.’ आडोसा चांगला निवडला आहेस. २०२५ सालापासून देशभर ई२० मिळतं, म्हणजे शंभर लिटरमध्ये वीस लिटरपर्यंत इथेनॉल, आणि जुन्या गाड्यांना त्याचा त्रास होतो हे खरं आहे. जुन्या रबराच्या नळ्या आणि वॉशर फुगतात, मिश्रण पातळ होतं, गाडी बरेच दिवस उभी राहिली तर इथेनॉल ओल धरतं आणि पाणी तळाशी उतरतं. त्याबद्दल तेल कंपन्यांना आणि सरकारला विचारायला हवं, आणि मी विचारतोच. पण ही टकटक इथेनॉलची नव्हे. इथेनॉलचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा वरचा असतो, तो नॉकिंग, म्हणजे अशी टकटक, दाबतो. नॉकिंग होतं ते खालच्या ऑक्टेनच्या इंधनाने, आणि रॉकेलचा ऑक्टेन पेट्रोलच्या निम्म्यालाही पोचत नाही. ठिणगीच्या ज्वाळेची वाट न पाहता उरलेलं मिश्रण आपोआप पेटतं, आणि तो धक्का पिस्टनवर बसतो. शिवाय रॉकेल थंड इंजिनात नीट वाफ होत नाही, म्हणून सकाळची ती किकांची रांग.

चेतकसारख्या टू-स्ट्रोक गाडीचं दुखणं इथेच सर्वांत मोठं. तिच्या क्रँकला, बेअरिंगला, बोअरला वंगण मिळतं ते पेट्रोलमधून जाणाऱ्या टू-टी ऑइलचंच, लिटरला वीस मिलीच्या आसपास. वेगळा तेलाचा साठा त्या भागांसाठी नाही. न जळलेलं रॉकेल बोअरवरचा तो पातळ थर धुऊन काढतं. तू आमच्या गाडीच्या तोंडातला घासच काढलास.

तुझी हुशारी मात्र मी नाकारत नाही. पेट्रोलचा थेंब फिल्टर पेपरवर टाकला तर शुद्ध पेट्रोल दोनेक मिनिटांत उडून जातं आणि डाग राहत नाही. रॉकेल असेल तर तेलकट डाग मागे उरतो. पंपावर हा कागद मागायचा प्रत्येक गिऱ्हाइकाला हक्क आहे. तू काय केलंस? ‘ऑइल टाकून तयार’ अशी बाटली विकायला लागलास. टू-टी ऑइलचाही डाग पडतोच, मग त्याखाली रॉकेलचा डाग कोण ओळखणार? गिऱ्हाइकाची सोय म्हणून तू जे सांगतोस, ती तुझी चोरी झाकायची चादर आहे. रेशनचं निळं रॉकेल जवळजवळ संपलं, तरी बिनरंगाचं तुला मिळतंच.

बाटलीची गरज मी समजतो. मानोरा किंवा रिसोड तालुक्यातल्या आडगावच्या माणसाला पंप लांब पडतो, रात्री-अपरात्री दवाखान्यात जायचं असतं, सोयाबीनच्या दिवसांत फवारणीच्या पंपालाही पेट्रोल लागतं. म्हणून तर तू लिटरमागे चार पैसे जास्त घेतलेस तरी कोणी हरकत घेत नाही. कायद्याने विक्रीसाठी नसलेलं पेट्रोलच ३० लिटरपर्यंत विनापरवाना ठेवता येतं. तुझी टपरी त्यात बसत नाही, तरी गाव गरजेपोटी डोळेझाक करतं. त्या डोळेझाकीचा तू असा उपयोग केलास, याचाच राग सर्वांत जास्त आहे. नव्या गाडीवाला पंपावर टाकी फुल करून निघतो. तुझ्याकडे येतो तो शंभर रुपयांचं पेट्रोल मागणारा, वीस-पंचवीस वर्षांची स्कूटर जपून वापरणारा. हाफ इंजिनाचं काम त्याच्या गळ्यात येतं. चेतकचे चांगले पार्ट आता शोधावे लागतात; बजाजने स्कूटर बंद करतो असं २००९ मध्ये सांगितलं आणि चेतक हे नाव पुन्हा आलं ते विजेच्या गाडीवर.

आणखी एक आठवण करून देतो. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडीत इंधनाची भेसळ पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळलं गेलं. हे मालेगाव नाशिक जिल्ह्यातलं, आपल्या वाशीम जिल्ह्यातलं मालेगाव नव्हे. त्याआधी २००५ साली उत्तर प्रदेशात भेसळीच्या पंपावर कारवाई करणाऱ्या मंजुनाथ या इंडियन ऑइलच्या तरुण अधिकाऱ्याचा खून झाला होता. तू त्या टोळ्यांतला नाहीस, हे मी जाणतो. पण तुझ्या डबकीतलं मिश्रण आणि त्यांच्या टँकरमधलं मिश्रण एकाच हिशेबावर चालतं: स्वस्त वस्तू महागड्या वस्तूच्या भावाने विकायची.

तुझी एक न उघडलेली बाटली माझ्याकडे आहे, साक्षीदारांसमोर सीलबंद केलेली. ती अर्जासोबत जिल्हा पुरवठा कार्यालयात देणार आहे. मिस्त्रीने काढलेल्या रिंगाही आणि त्याने केलेल्या तपासणीचा लेखी कागदही सोबत असेल. तोवर टपरीवर बसणारच असशील, तर पेट्रोल वेगळं आणि ऑइल कंपनीच्या सीलबंद पाउचमध्ये वेगळं विक. गिऱ्हाइकाने कागद पुढे केला तर त्यावर थेंब टाकू दे. आणि आमच्या मिस्त्रीला भेटून त्याच्या तोंडावर सांग की दोष त्याचा नव्हता.

तुझ्या बाटलीचं एक गिऱ्हाईक,
वाशीम जिल्हा