निर्जंतुक बाटली

आमच्या नांदगाव खंडेश्वरात पाण्याची तपासणी चुलीवर होते. तुरीची दाळ शिजली, की पाणी पास. दर्यापूरकडचे, खारपाणपट्ट्यातले पाहुणे तर आमच्या विहिरीचं पाणी दोन-दोन गिलास पितात आणि "साखर हाय बाप्पा!" म्हणतात. एवढ्या प्रमाणपत्रावर आईनं ५० वर्षं काढली.

यंदा पावसाळ्यात गल्लीत हगवण लागली आणि मी पाणी अमरावतीला तपासायला न्यायचं ठरवलं. घरातल्याच माणसावर पोलिसात तक्रार दिल्यासारखा आईचा चेहरा झाला. "आपल्या इहिरीले काय धाड भरली?"

प्रयोगशाळेच्या रीतीप्रमाणे भांडी दोन. क्षारांसाठी कॅन, जंतूंसाठी छोटी निर्जंतुक बाटली. कॅन त्याच पाण्यानं तीनदा विसळायचा; बाटली मात्र अजिबात विसळायची नाही, झाकणाच्या आत बोटही लावायचं नाही. तिच्यात चिमूटभर सोडियम थायोसल्फेट असतं; विहिरीत टीसीएल टाकलेलं असेल, तर त्यातल्या क्लोरीननं जंतू वाटेतच मरू नयेत म्हणून. (जंतूंची इतकी बडदास्त मी पहिल्यांदाच पाहिली.) हे सगळं आईला समजावून मी आंघोळीला गेलो. येऊन पाहतो तर बाटली राखेनं लख्ख घासून उन्हात पालथी!

"दवाखान्यातली बॉटल. कोनाकोनाचा हात लागला असन!"

दुसरी बाटली आणली. भरून, बर्फाच्या डब्यात घालून, डबा मांडीवर घेऊन एसटीत बसलो. कंडक्टरला वाटलं, लस आहे. विहिरीचं पाणी आहे म्हटल्यावर त्यानं सुटे पैसे न मागताच तिकीट दिलं आणि पुढं सरकला.

अहवाल आला. विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत, नायट्रेट ४५च्या आत. मी मोठ्यानं वाचत होतो, आई मान डोलावत होती. मग खालची ओळ आली. १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय एकही सापडता कामा नये, असं मानक आहे. आमच्यात सापडले होते.

आई जरा वेळ गप्प बसली. मग तिनं विहिरीपासून दहा पावलांवरच्या संडासाच्या खड्ड्याकडे बोट दाखवलं. तो मागच्या उन्हाळ्यात मीच खोदवला होता. "इहिरीचा काय दोष?"

विहिरीत टीसीएल पडलं. खड्डा हलवायचा खर्च माझ्या डोक्यावर आहे. तोवर प्यायचं पाणी आम्ही खळखळ उकळून घेतो. दाळ मात्र विहिरीच्याच पाण्यात शिजते. ती आधीपासून उकळतच होती.