केळवण, कुलाबा, रात्री साडेअकरा

आमच्या घराण्यात केळवणाचा बेत ठरलेला असतो. श्रीखंड-पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात, कुरडया आणि ताटाभोवती रांगोळी. त्यात फेरफार सुचवण्याची आजवर कुणाची हिंमत झाली नव्हती. माझ्या भाचीची झाली.

"मावशी, श्रीखंड सगळीकडे खाऊन झालंय. आणखी एक वाटी खाल्ली तर लग्नातला ब्लाउज परत शिंप्याकडे जाईल. तू आपली मला क्लबला ने."

"जिमखान्यावर?" मी विचारलं. आमच्या पिढीचा क्लब म्हणजे बॅडमिंटन, रमी आणि कटलेट.

"नाइटक्लब गं!"

आणि तोही ऐरागैरा नाही. कुलाब्यातला, गेटवेपासून हाकेच्या अंतरावरचा, ब्रिटिशांच्या काळातल्या दगडी इमारतीतला. नाव सांगत नाही. आम्हाला आत घेतलं हे चारचौघांत कळलं तर त्यांची अब्रू जायची. भाचीने सगळी चौकशी करून ठेवली होती. बुधवारी लेडीज नाइट, बायकांना प्रवेश फुकट. "फुकट" म्हटल्यावर माझ्या नवऱ्याने पेपर खाली ठेवला.

"आणि पुरुषांना?"

"काका, एकट्या पुरुषाला घेतच नाहीत. बाईबरोबर आला तर अडीच हजार, त्यातले दोन हजार खाण्यापिण्यात वळते."

म्हणजे माझ्या नवऱ्याला कुठेतरी माझ्या पुण्याईवर प्रवेश मिळणार होता. जायचं हे मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

नवरा बँकेतून निवृत्त झाला आहे. त्याला दोन नाद. एक जुन्या गाण्यांचा आणि दुसरा कायद्याचा. पैकी दुसऱ्या नादापायी त्याने कपाटातून एक लॅमिनेट केलेला कागद काढून खिशात घातला. ते त्याचं दारूचं परमिट. हसू नका. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदीचा कायदा अजून जिवंत आहे आणि परमिटाशिवाय घोट घेणं हा त्या कायद्याने गुन्हा आहे. एक दिवसाचं परमिट ५ रुपयांना, वर्षाचं १०० ला आणि आजन्म १००० ला मिळत असे, तेव्हा त्याने हिशेब करून आजन्म काढलं. त्या परमिटाप्रमाणे माणूस दारू पितो ती प्रकृती राखण्यासाठी. नवरा एरवी महिन्याकाठी दोन पेग घेतो, तेही च्यवनप्राश खाताना करतात तसा चेहरा करून.

या कायद्याची आणखी एक गंमत अशी, की दादर स्टेशनबाहेरचा काळ्या काचांचा, चकण्यात उकडलेले चणे देणारा बार घ्या किंवा कुलाब्यातला राजवाडा घ्या, सरकारदरबारी दोघांचा परवाना सहसा एकच, एफएल-३. दोन्ही परमिट रूमच. फरक चण्यांचा.

टॅक्सी मरीन ड्राइव्हला लागली आणि नवऱ्याचा पहिला नाद उसळला. मागच्या सीटवर भाची आणि तिच्या मैत्रिणी एकमेकींच्या मांडीवर बसून लिपस्टिक लावत होत्या. हा पुढच्या सीटवरून मान वळवून त्यांना शिकवत होता. "हे सूना महल. इथे टॉक ऑफ द टाउन होतं. आता पिझ्झा मिळतो. ही चर्चगेट स्ट्रीट, आताचा वीर नरिमन रोड. या पट्ट्यात रोज रात्री जॅझ वाजायचं." भाचीची मैत्रीण म्हणाली, "वॉव काका." ती मोबाइलमध्ये बघून बोलत होती, पण त्याला तेवढं पुरतं.

ताज दिसल्यावर तर त्याला आवरणंच मुश्कील झालं. "१९०३ साली उघडलं. १९३५ मध्ये लिऑन ॲबी नावाच्या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकाने आपला बँड इथे आणला. साहेब, पारशी, संस्थानिक सगळे नाचले त्याच्यावर. आणि ते ऐकून तयार झाली आपली गोव्याची पोरं! हळदोण्याचा अँटोनियो झेवियर वाझ. ट्रम्पेट असा वाजवायचा की लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. नाव घेतलं चिक चॉकलेट." मग दारूबंदी कशी आली, बँडवाल्यांना सिनेमाच्या स्टुडिओचा आधार कसा मोलाचा वाटू लागला, नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे संगीतकार सी. रामचंद्र आणि हा चिक एकत्र कसे आले आणि त्यातून १९५१ चा 'अलबेला' सिनेमा कसा उभा राहिला, हे सगळं मला तोंडपाठ आहे. आमच्या लग्नानंतर महाबळेश्वरला मी हेच ऐकलं होतं.

क्लबच्या दाराशी मखमली दोर, काळा सूट घातलेला धिप्पाड बाउन्सर, त्याच्या कानात वायर. त्याने भाचीला आणि मैत्रिणींना वाट करून दिली आणि मला अदबीने बाजूला घेतलं.

"मावशी, पोरीला न्यायला आलाय व्हय? दीडला सुटतंय. समोर कट्ट्यावर बसा, चहा पाठवतो."

भाची मागे वळून ओरडली, "अरे, पार्टी तिचीच आहे!" बाउन्सरने मला पैठणीपासून पर्सपर्यंत न्याहाळलं आणि हात जोडले. मुलींना मात्र त्याने आधार कार्डं मागितली. त्यातली एक चोविशीची निघाली. मनगटावर वेगळ्या रंगाची पट्टी, म्हणजे फक्त बिअर. आपल्याकडे १८ व्या वर्षी सरकार निवडता येतं, मुलाला २१ व्या वर्षी लग्न करता येतं, पण या दोन्हींच्या परिणामांवर व्हिस्की घ्यायला २५ वं वर्ष उजाडावं लागतं. आम्हा दोघांकडे कुणी आधार मागितलं नाही. नवऱ्याने आपणहून परमिट पुढे केलं. बाउन्सरने ते उलटंसुलटं करून पाहिलं, टॉर्च मारला, आतून दुसऱ्या बाउन्सरला बोलावलं. दोघांनी मिळून त्याचा फोटो काढला. इतकी वर्षं दारावर उभे होते, पण परमिट असं असतं हे त्यांना त्या रात्री कळलं.

आता सुटलो असं वाटलं, तोच त्याची नजर खाली गेली.

"काका, पायताण चालत न्हाई बघा. बूट पायजेत."

नवऱ्याच्या पायात करकर वाजणारी कोल्हापुरी होती. त्याने तिथेच वादविवाद सभा सुरू केली. २०२५ साली मिलानच्या रॅम्पवर प्राडाने हीच चप्पल चालवली, नंतर मूळ कोल्हापुरीचं आहे हे कबूलही केलं, वगैरे. बाउन्सरने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "त्यास्नी बी आत सोडलं नसतं, काका."

तेवढ्यात नवऱ्याचं लक्ष त्याच्या कानाकडे गेलं. पैलवानाचा मोडलेला कान. "तालीम कुठली?" "गंगावेश." बस्स. पुढची दहा मिनिटं मखमली दोराच्या अलीकडे आणि पलीकडे डाव, खुराक, मॅटवरची आणि मातीतली कुस्ती असं संमेलन भरलं. मागे परदेशी सेंट लावलेली रांग ताटकळत उभी. शेवटी पैलवानाने तोडगा काढला. समोरच्या पानवाल्याकडे बूट भाड्याने मिळतात! पान, सिगारेट, च्युइंगम आणि खोक्याच्या मागे काळ्या बुटांचे जोड. नवऱ्याचा पाय सातचा, शिल्लक जोड नऊचा. डिपॉझिट म्हणून कोल्हापुरी जमा.

आत काय होतं ते सांगते. झुंबर होतं, नक्षीचं छत होतं, संगमरवरी जिना होता आणि यातलं काहीही दिसणार नाही इतका अंधार होता. आवाज असा की तो कानाने न ऐकता बरगड्यांनी ऐकायचा. दोन घोट पोटात गेल्यावर नवऱ्याने वेटरच्या कानाला तोंड लावून विचारलं, "इथे कधी चिक चॉकलेट वाजवायचा का?" वेटरने समजल्यासारखी मान हलवली. पाच मिनिटांनी उंच ग्लासात तपकिरी पेय आलं. वर मलई, काठावर चॉकलेटचा ओघळ, आत कागदी छत्री. बिलात त्याची किंमत एका किलो काजूकतलीएवढी लागली. नवऱ्याने ते थोर ट्रम्पेटवादकाच्या स्मृतीला म्हणून संपवलं.

गप्पा मारायच्या असतील तर अशा ठिकाणी एकच जागा असते, बायकांची वॉशरूम. मला तर सगळा क्लब तिथेच आहे असं वाटलं. प्रखर दिवे, मोठा आरसा आणि आरशाशी गर्दी. एक मुलगी रडत होती, दुसरी तिला "तो तुझ्या लायकीचाच नव्हता" असं सांगत तिच्या काजळाचे ओघळ पुसत होती. दोघींची ओळख त्याच आरशापुढे झालेली. तिसरीच्या चांदीच्या रंगाच्या ड्रेसचा खांद्यावरचा पट्टा तुटला होता आणि ती तो हाताने धरून हताश उभी होती. टिश्यू देणाऱ्या बाई खेडच्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. दोघींचे हात एकदमच आपापल्या बांगड्यांकडे गेले. माझ्या बांगडीत तीन सेफ्टी पिना, त्यांच्या बांगडीत चार. मी पट्टा धरला, त्यांनी आतून पिन मारली, वरून दिसेल म्हणून ती काढून पुन्हा आडवी मारली. मुलगी आरशात वळून पाहते तो काय, पट्टा पहिल्यापेक्षा घट्ट! तिने मला मिठी मारली. त्यानंतर रांगच लागली. कुणाची चेन, कुणाची बटणं, कुणाच्या सँडलचा बंद. पिना संपल्यावर खेडच्या बाईंनी पिशवीतून सुई-दोरा काढला.

भाची मला शोधत तिथे आली आणि तिचं केळवण खऱ्या अर्थाने तिथे पार पडलं. "मावशी, नाव घे!" मैत्रिणींनी धोशा लावला. ज्यांना मराठी येत नव्हतं त्यांना भाचीने प्रकार समजावला, त्यावर त्याही ओरडू लागल्या. मी गळा साफ केला आणि घेतलं: "काचेच्या पेल्यात बर्फाचे खडे, …रावांचं नाव घेते बाउन्सरपुढे." (नाव त्यांच्याच विनंतीवरून गाळलं आहे.) टाळ्या पडल्या. खेडच्या बाईंनी पर्समधून हळदीकुंकवाची डबी काढली. भाचीच्या ओटीसाठी तांदूळ नव्हते, म्हणून बारवरून आणलेले खारे काजू घातले.

बाहेर येते तो नाचाच्या मजल्यावर गर्दीचं कोंडाळं, आणि मधोमध माझा नवरा.

घडलं होतं ते असं. भाचीच्या मैत्रिणीने त्याला ओढत नेलं. नऊ नंबरच्या बुटातून सात नंबरचा पाय उचलला की बूट जागेवरच राहत होता. त्यामुळे त्याने पाय जमिनीवर ठेवूनच नाचायचं ठरवलं. गुडघे किंचित वाकवलेले, कोपरं अंगाशी, एक पंजा छातीशी तर दुसरा कानाशी, खांदे तालात आणि चेहऱ्यावर मिस्कील हसू. ही अस्सल भगवानदादांची चाल. गिरणी कामगाराचा मुलगा, राहणार दादर. 'अलबेला' काढून त्याने सगळ्या हिंदुस्थानला सांगून टाकलं की नाचायला फार जागा लागत नाही. अमिताभ बच्चनांनीही ती चाल उचलली. आपल्याकडच्या पुरुषांना गणपतीच्या मिरवणुकीत आणि वरातीत जो एकमेव नाच येतो, तो बहुतेक हाच.

आता भोवतीची तरुण मंडळी पाय न उचलता तो नाच शिकत होती. एका मुलीने किंचाळून विचारलं, "अंकल, कुठली स्टेप?" नवरा ओरडला, "अलबेला!" तिने ऐकलं "अकेला". तिचे डोळे भरून आले आणि तिने त्याला धीर दिला. मी जवळ गेले तेव्हा ती मला म्हणाली, "आंटी, यांना सोडून जाऊ नका." मी म्हटलं, "बूट परत करेपर्यंत तरी जात नाही."

एक वाजला आणि डीजेने 'झिंगाट' लावलं. संध्याकाळपासून ज्यांनी इंग्रजीखेरीज शब्द काढला नव्हता त्या सगळ्यांना एकदम मराठी यायला लागलं. हिऱ्यांच्या कुड्या आणि इटालियन जाकिटं २०१६ च्या 'सैराट'वर उड्या मारू लागली. दारातला पैलवान इकडेतिकडे बघून खांदे हलवून घेत होता. फुकट प्रवेशाच्या त्या रात्रीचं बिल घरगुती केळवणाच्या तिप्पट आलं. दीड वाजता दिवे लागले. पहिल्यांदाच छतावरची नक्षी दिसली आणि नवरा ती कोणत्या शैलीची आहे हे सांगायला लागला. पैलवानाने त्याला हलकेच खांद्याला धरून बाहेर आणला.

भाचीच्या लग्नात श्रीखंडच होतं. पण मला विचाराल तर नाइटक्लबला एकदा जरूर जावं. तिथली दारं तेव्हाही मोजक्यांसाठी होती, आजही आहेत. आत नाचवणारे मात्र कायम दाराबाहेरून आले. कधी हळदोण्याहून, कधी पुणतांब्याहून, कधी दादरच्या चाळीतून. तेव्हा आपण परक्या ठिकाणी आलोय असं मनात आणू नका. बुधवारी जा, घरून जेवून जा, बूट स्वतःच्या मापाचे घाला आणि बांगडीत पिना जास्तीच्या ठेवा. आत गेल्यावर त्या पिनांची गरज तिथल्यांना असते.